क्रूझवर कॅटामरान-स्नॉर्कलिंग ट्रिप निवडताय? आधी पाण्यातली मिनिटं विचारा

पहिल्यांदा कॅरिबियन क्रूझला गेलो तेव्हा आम्ही जी कॅटामरान ट्रिप (दोन होड्या जोडलेल्या बोटीने जायचं आणि मग मास्क-नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायचं, म्हणजे स्नॉर्कलिंग) घेतली ती साडेचार तासांची होती आणि त्यात आम्ही प्रत्यक्ष पाण्यात होतो जेमतेम ३५ मिनिटं, त्यातली दहा मिनिटं आपल्या मापाचे फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) शोधण्यात गेली आणि पुढची दहा बाबांना "नाकाने नाही हो, तोंडाने श्वास घ्या" हे ओरडून सांगण्यात. बेटाचं आणि बोटवाल्याचं नाव सांगत नाही, कारण सगळं वर्णनात लिहिलेलं होतं, आम्हीच निळ्या पाण्याचे फोटो बघून कार्ड काढलं आणि बारीक अक्षरातलं वाचलं नाही. उरलेला वेळ मोठ्ठं म्युझिक, रम पंच आणि शंभरेक अनोळखी लोकांचा नाच. नाच वाईट नव्हता, पण आईला कासव बघायचं होतं.

त्यानंतर अजून दोन क्रूझ झाल्या आणि आता आमच्या मंडळातले लोक निघायच्या आधी मला फोन करतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की पाण्यात किती मिनिटं आणि किती ठिकाणी? "५ तासांची ट्रिप" या शब्दात धक्क्यावर जमणं, फॉर्मवर सह्या, सेफ्टीच्या सूचना, जायचं, एखादा बीच, जेवण, परत यायचं, हे सगळं येतं. दोन वेगवेगळ्या जागी मिळून तास-सव्वा तास पाण्यात असेल तर ती स्नॉर्कलिंगची ट्रिप, आणि एकच स्टॉप ३०-४० मिनिटांचा असेल तर ती बोटीवरची पार्टी आहे असं समजायचं, मग नाव काहीही असो. पार्टीच हवी असेल तर छानच आहे की, पण मग माहीत असून घ्या.

दुसरा प्रश्न, बोटीवर माणसं किती. बोटीची क्षमता आणि ते प्रत्यक्षात किती घेतात हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही विचारायचे. १५-२० लोकांची बोट आणि ८०-१०० लोकांची बोट यात फरक फक्त गर्दीचा नाही. १०० लोक एका शिडीने पाण्यात उतरणार आणि त्याच शिडीने वर येणार, म्हणजे तुमच्या त्या ३५ मिनिटांतली किती रांगेत जाणार बघा. शिवाय सगळे एकदम पाण्यात पडले की वाळू ढवळली जाते, पाणी गढूळ होतं, मासे पळतात आणि दिसतात फक्त पुढच्या माणसाचे फिन्स. छोटी बोट महाग पडते. मोठ्या बोटीला बहुतेक बंदरांवर माणशी शंभर डॉलरच्या आसपास धरून चाला आणि छोटीला त्याहून जास्त, वर क्रूला टिप वेगळी. मी म्हणेन क्रूझभर चार ट्रिपा घेण्यापेक्षा एक चांगली घ्या आणि बाकीच्या बंदरांवर नुसते भटका.

कारण गंमत अशी आहे की वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक बंदरावर कॅटामरान ट्रिप विकायला असते आणि वर्णनं सगळी सारखीच, "नितळ पाणी, रंगीत मासे, थंड पेय". खरं तर प्रत्येक बेटाचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे कुठे घ्यायची हे आधी ठरवा.

माझ्या मते पहिलटकरांसाठी, त्यातही आईवडील बरोबर असतील तर, बार्बाडोस सगळ्यात सोपं. जहाज लागतं ब्रिजटाऊनला, कॅटामरान पश्चिम किनाऱ्याने जातात आणि तिथे समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. कासवांचा स्टॉप आणि बुडालेल्या जहाजांचा स्टॉप असे दोन असतात. कार्लाइल बे नावाच्या उपसागरात बरीच जहाजं तळाला आहेत, त्यातली बर्विन नावाची टगबोट १९१९ मध्ये बुडालेली आणि इतक्या उथळ पाण्यात आहे की वरून तरंगताना सगळी दिसते, वर प्रवाळ वाढलेलं, आतबाहेर मासे. बार्बाडोसमध्ये १९९८ पासून समुद्री कासवं मारायला बंदी आहे, त्यामुळे ती आता बोटींना बुजतही नाहीत. आणि हो, केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून जवळच आहे, २९ जून २०२४ ला आपण वर्ल्ड कप जिंकलो तेच ग्राउंड, सकाळची ट्रिप घेतली तर दुपारी तिकडे चक्कर होते. बाबांनी गेटसमोर फोटो काढला आणि सगळ्या क्रूझमधला तोच एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

सेंट थॉमसहून निघणाऱ्या ट्रिपा बक आयलंडला किंवा शेजारच्या सेंट जॉन बेटाकडे जातात. बक आयलंडला कासवं समुद्रगवत खायला येतात, दिसायची शक्यता चांगली. सेंट जॉनचा बराचसा भाग १९५६ पासून नॅशनल पार्क आहे आणि तिथल्या ट्रंक बेला पाण्याखाली चक्क पाट्या लावलेली पायवाट आहे, पोहत पोहत वाचायचं. फक्त बुकिंग करताना तुमचं जहाज हॅवनसाइटला लागणार की क्राउन बेला हे बघून घ्या, दोन वेगळे धक्के आहेत आणि बोट भलत्याच धक्क्यावरून सुटणार असेल तर सकाळी सकाळी टॅक्सीची धावपळ.

कोझुमेल हे मेक्सिकोतलं बेट आणि वेस्टर्न कॅरिबियनच्या बहुतेक क्रूझ तिथे थांबतात. प्रवाळ तिथलं जबरदस्त, दक्षिणेकडचा पालांकार वगैरे पट्टा १९९६ पासून संरक्षित मरीन पार्क आहे. पण एक लक्षात ठेवा, तिथे पाण्याला ओढ असते. बरेच बोटवाले तुम्हाला एका टोकाला सोडतात, तुम्ही प्रवाहाबरोबर वाहत जाता आणि बोट पुढे जाऊन उचलते. पोहता येणाऱ्याला यासारखी मजा नाही, काही न करता खालून सिनेमा सरकत राहतो. पण पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला बोट लांब जाताना दिसली की त्याचं जे होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे कोझुमेलला विचारा, बोट एका जागी बांधून ठेवता की वाहत जायचं? घाबरणारे असतील तर एल सिएलोचा स्टॉप असलेली ट्रिप बघा, पांढरी वाळू, कमरेएवढं पाणी आणि तळाला तारामासे. ते तारामासे फोटोसाठी पाण्याबाहेर काढायचे नाहीत, कोणी हातात दिला तरी नको म्हणा.

ग्रँड केमनला लोक स्टिंग रे म्हणजे पाखट माशांसाठी जातात. पूर्वी कोळी तिथल्या वाळूच्या पट्ट्याशी शांत पाण्यात थांबून मासे साफ करायचे आणि टाकाऊ भाग पाण्यात फेकायचे, त्याची सवय लागून हे पाखट जमायला लागले, ते आजतागायत. मालवणकडच्यांना पाखट म्हटलं की तिखलं आठवेल, तर इथे तेच तुमच्या पायाला मखमलीसारखे घासून जातात. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत चालायचं, म्हणजे काट्यावर पाय पडत नाही. पण हा उभं राहून बघायचा प्रकार आहे, स्नॉर्कलिंग हवं तर सोबत रीफचा म्हणजे प्रवाळाचा एक स्टॉप आहे ना ते बघा.

अरुबाला ॲन्टिला नावाचं जर्मन मालवाहू जहाज आहे, जवळजवळ ४०० फूट लांब. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला, अरुबा डचांचं, डच लोक जहाज ताब्यात घ्यायला आले तर कप्तानाने स्वतःच ते बुडवलं. भारी दृश्य आहे पण अरुबात वारा कायम सुटलेला, दुपारी लाटा वाढतात, तेव्हा सकाळचीच ट्रिप. सेंट लुसियाला उलट, तिथे पाण्याखालचं ठीकठाक आहे आणि पाण्यावरचं बघत राहावं असं. कास्ट्रीजहून दक्षिणेला सूफ्रिएरपर्यंत लांबचा प्रवास आणि शेवटी समुद्रातून सरळ उठलेले दोन पिटॉन डोंगर. ज्यांना मास्क लावायचाच नाही त्यांच्यासाठी हीच ट्रिप.

आता वाऱ्याचं. शाळेत भूगोलात व्यापारी वारे घोकले होते ना, ते हेच, जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात. म्हणून बेटांची पूर्व बाजू खवळलेली आणि पश्चिम बाजू आडोशाची. ट्रिप कुठल्या किनाऱ्याला जाते हे नकाशावर बघितलं तरी निम्मं काम होतं. डिसेंबर-जानेवारीत हा वारा जास्त जोर धरतो, नेमकी तेव्हाच आपल्याला सुट्टी. आणि हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्या वर्ल्ड कप फायनलनंतर आपली टीम बार्बाडोसमध्येच अडकून पडली होती ते बेरिल वादळ आठवा, जुलै सुरूही झाला नव्हता नीट. या मोसमात क्रूझ स्वस्त असतात, जायला हरकत नाही, पण जहाज बंदर गाळून पुढे गेलं तर पैसे पूर्ण परत का, हे बाहेरच्या बोटवाल्याकडून लेखी घ्या.

म्हणजे आला तो नेहमीचा वाद, बुकिंग जहाजातून की बाहेरून. जहाजातून घेतलेली ट्रिप उशिरा परतली तर जहाज आपल्या लोकांसाठी थांबतं, किंवा पुढची सोय त्यांची जबाबदारी. बाहेरून घेतली तर जहाज निघून जातं आणि तुम्ही धक्क्यावर हात हलवत. पण लहान बोटी आणि पाण्यातली जास्त मिनिटं बऱ्याचदा बाहेरच मिळतात. माझा हिशोब असा, ग्रँड केमनसारखं बंदर जिथे जहाज धक्क्याला लागतच नाही आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे जहाजातूनच, कारण त्यांच्या ट्रिपवाल्यांना आधी सोडतात. जिथे जहाज धक्क्याला लागतं आणि बोट तिथूनच जवळ सुटते, तिथे बाहेरून बिनधास्त, फक्त ट्रिप संपायची वेळ आणि ऑल अबोर्ड (जहाजावर परतायची शेवटची वेळ) यात किमान दोन तास मोकळे ठेवायचे. आणि घड्याळ! जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ कधी कधी वेगळी असते. कोझुमेलमध्ये २०१५ पासून घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळे उन्हाळ्यात फ्लोरिडाची वेळ त्यांच्यापुढे एक तास असते, आणि तिथून निघालेलं जहाज फ्लोरिडाच्याच वेळेवर चालत असू शकतं. मोबाइल स्थानिक वेळ पकडतो आणि माणूस निवांत बसतो. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

आईवडिलांना नेताय तर एक प्रश्न जो कुठल्याच वर्णनात नसतो, पाण्यातून वर यायला काय आहे? काही बोटींना मागे रुंद पायऱ्या पाण्यात उतरतात, काहींना सरळ उभी लोखंडी शिडी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या बोटीवर ओल्या अंगाने उभी शिडी चढायला लावणं म्हणजे छळ आहे. आमच्या आईला दोघांनी खालून ढकललं आणि वरून क्रूच्या पोराने ओढलं, ती अजून हसत हसत सांगते पण त्या वेळी हसत नव्हती. टॉयलेट आहे का, सावली किती आहे, हेही विचारा. पुढे कॅटामरानच्या दोन होड्यांच्या मधे जाळी ताणलेली असते, फोटोत सगळे तिथेच लोळताना दिसतात, पण तिथे ऊन कडक आणि खालून पाणी उडतं, म्हाताऱ्या माणसांनी मागे छताखाली बसावं. बाकी कॅटामरान त्यांना सोयीची असते, दोन सडपातळ होड्या लांब लांब ठेवून वर डेक टाकलेला असल्याने ती एका अंगावर फारशी कलत नाही. शब्द तमिळमधून गेलाय, कट्टुमरम, बांधलेली लाकडं.

आणि कॅटामरानवर चढताना चपला काढून टोपलीत टाकायला लावतात, परत येईपर्यंत अनवाणी. आपल्याला देवळाची सवय आहे, अमेरिकन लोक मात्र गोंधळतात.

कॅटामरान फारशी कलत नसली तरीही बोट लागू शकते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. आलेपाक जवळ ठेवा, पोट एकदम रिकामं नको आणि क्रूझचा बुफे हाणूनही जाऊ नका. मळमळलं की मोबाइल खाली ठेवून क्षितिजाकडे बघत राहायचं.

पोहता न येणाऱ्यांनी जावं का? जावं, पण सांगून. चढतानाच क्रूला सांगा की मला पोहता येत नाही, लाजायचं काही नाही, ते बेल्ट, नूडल (तरंगणारी फोमची लांब दांडी) किंवा धरायला रिंग देतात आणि बऱ्याचदा एक माणूस सोबत येतो. खारं पाणी तुम्हाला उचलून धरतं, अंगात जॅकेट असलं तर बुडणं अवघडच. खरी अडचण श्वासाची असते. बाबा साताऱ्याकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, अजून पोहतात, पण तोंडात नळी धरून डोकं पाण्यात ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी नाकानेच श्वास ओढला आणि मास्कमध्ये पाणी. म्हणून ट्रिपच्या आदल्या दिवशी स्वस्तातला मास्क आणि नळी घेऊन जहाजाच्या पूलमध्ये कडेला धरून सराव करा, पूलवाले करू देतात का विचारून. तेही नाही तर केबिनच्या बेसिनमध्ये तोंड बुडवा, बायको हसेल पण दहा मिनिटं वाचतील. हृदयाचा त्रास, दमा, नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका, आणि फॉर्मवर खरं लिहा. रम पंच स्नॉर्कलिंगच्या आधी देणारी बोट असेल तर मी ती घेत नाही, सरळ हिशोब.

मास्कचं माप बघायची युक्ती, पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. केस आत अडकू द्यायचे नाहीत. आणि मिशीवाल्यांनो, मिशीतून पाणी गळतं, यावर नाकाखालची एक रेघ कापणे हाच खरा उपाय आहे, माझ्या मेव्हण्याने नकार दिला आणि तासभर मास्क रिकामा करत राहिला. काच धूसर होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, किळस वाटली तर बेबी शाम्पूचा थेंब. चष्मा असेल तर नंबरचे मास्क आहेत का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, नाहीतर पैसे भरून खाली नुसता निळा धूर बघाल.

सनस्क्रीनबद्दल, भारतातून किंवा घरातून उचलून नेलेली ट्यूब चालेलच असं नाही. सेंट थॉमस, सेंट जॉन वगैरे अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. झिंक ऑक्साइडवालं घ्या, आणि त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट, कारण स्नॉर्कलिंगमध्ये पाठच भाजते आणि पाण्यात असताना कळत नाही, रात्री डिनरला खुर्चीला टेकता येत नाही तेव्हा कळतं. प्रवाळावर उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर तरंगा.

जेवणाचं आधीच सांगा. बार्बाडोसला फ्लाइंग फिश आणि मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), बाकी ठिकाणी चिकन आणि भात असं काहीतरी असतं, शाकाहारी म्हटलं की सॅलड आणि चिप्स समोर येतात. बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलं तर करतात. आम्ही तिसऱ्या वेळी ठेपले नेले होते, बंद पाकिटातलं असलं तरी घरचं खाणं बेटावर उतरवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते हे गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवर, कळलं, तिथेच उभं राहून सगळ्यांनी संपवले.

त्या तिसऱ्या वेळची बोट १६ जणांची होती, दोन स्टॉप, मागे रुंद पायऱ्या. आई रिंग धरून, क्रूची मुलगी रिंग ओढत, आणि खालून एक कासव गेलं, चांगलं परातीएवढं, घाई नाही काही नाही. आईने मास्क वर केला आणि विचारलं, "आता किती वेळ राहिलाय?" मी घड्याळ बघितलं. ४० मिनिटं होती अजून.